पाटी, लेजर आणि फेरीबोट : आमच्या शाळेने गेमचा अभ्यासक्रम कसा निवडला



मागच्या आठवड्यात इथं कुणीतरी जुन्या दगडी पाटीचा फोटो टाकला होता, आणि खाली आठवणींचा पाऊस पडला. मीही लिहायला घेतलं, पण दोन ओळींत मावेना. म्हणून ही वेगळी पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

विषय ऐकून काही जण हसतील. बँकेतून निवृत्त झालेला पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस, आणि लिहितोय कशावर तर शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर गेम बनवायला शिकवणारा अभ्यासक्रम कसा निवडावा यावर! माझी बायकोसुद्धा हसली. पण पेडणे तालुक्यातल्या एका शाळेच्या संस्थेचा मी बरीच वर्षं खजिनदार आहे, आणि या निवडीत एकदा माझ्या सहीने चूक झालेली आहे. ती चूक सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म १९५१ चा. पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणून त्याला नव्या काबिजादी म्हणत. राज्य बदललं तरी देवळांचे हिशेब, पत्रव्यवहार, कीर्तन, नाटक हे सगळं आमच्याकडे मराठीत चालत राहिलं. सरकारी शाळा पोर्तुगीज. मराठी शिकायचं तर गावाने आपल्या खर्चाने मास्तर ठेवायचा. आमचे मास्तर एका घराच्या पडवीत बसायचे. पाढे, पावकी, निमकी आणि बाळबोध वळण, एवढंच. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मग भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं. भाऊसाहेब मूळचे आमच्या पेडण्याचेच. त्यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, हे आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या सगळ्या शाळांत साधन एकच, पाटी. आज बँकरच्या नजरेने मी तिचे गुण मोजतो. वीज लागत नाही. फुटली तर बाजारात दुसरी मिळते. मास्तर बदलले तरी तीच चालते. गरिबाच्या आणि भाटकाराच्या मुलाची पाटी सारखीच. खोट एकच, लिहिलेलं टिकत नाही. फडकं फिरलं की गेलं. पण ते आम्हाला आधीच ठाऊक असायचं, म्हणून त्याचं दुःख नव्हतं. ही खोट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पणजीला धेंपे कॉमर्स कॉलेजातून बी. कॉम. झालो आणि १९७३ साली बँकेत लागलो. तेव्हा शाखेत जाडजूड लेजरं. संध्याकाळी बॅलन्स जुळेपर्यंत घरी जायचं नाही. एका पैशाचा फरक शोधताना शेवटची बस चुकल्याच्या रात्री आठवतात. १९८३ साली बँका आणि कामगार संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि त्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे लेजर पोस्टिंगची मशीनं येऊन पडली. आम्ही मोर्चेही काढले आणि मशीनंही शिकलो, दोन्ही केलं.

त्या काळात एक गोष्ट शिकलो ती अजून उपयोगी पडते. मशीन आलं म्हणून लेजर लगेच बंद केलं नाही. काही महिने दोन्ही समांतर चालवलं. हाताने लिही, मशीनवर घाल, रोज ताळा कर. ताळा नीट जमायला लागल्यावरच लेजर कपाटात गेलं. पुढं कोअर बँकिंग आलं तेव्हा शाखेशाखेतला हिशेब मध्यवर्ती सर्व्हरवर न्यावा लागला. रात्र रात्र जागून काढली. मशीन विकत घेणं सोपं असतं. एका मशीनमधलं दुसऱ्या मशीनमध्ये सुखरूप नेणं हे खरं काम. खातेदाराला तुमच्या सॉफ्टवेअरशी देणंघेणं नसतं, त्याची ठेव जागेवर हवी असते.

आता शाळेकडे येतो. भारतातल्या शाळांत संगणक आणायचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ चा. क्लास नावाचा प्रकल्प, त्यात सुमारे अडीचशे शाळांना इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. तिकडे अमेरिकेत त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा काढली होती. पडद्यावर एक कासव. त्याला सांगायचं, इतकी पावलं पुढं जा, इतकं वळ, आणि ते रेघ ओढत जायचं. पेपर्ट यांचं म्हणणं साधं होतं, संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावं. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत उलटंच झालं. संगणकाचे भाग सांगा, माउसची आकृती काढा आणि पाच गुण घ्या.

गोव्यात २००० सालच्या आसपास परदेशातल्या गोंयकारांनी वापरलेले संगणक जहाजाने शाळांसाठी पाठवले. त्यांवर लिनक्स चालायचं, कारण ते फुकट होतं. मग पर्रीकरांच्या कारकिर्दीत सायबर एज योजना आली. विद्यार्थ्यांच्या घरी सवलतीत संगणक गेले. पुढच्या काळात लहान वर्गांना टॅब मिळाले. या योजनांतून गोव्यातल्या पुष्कळ मुलांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरात संगणक पाहिला, याची मला जाण आहे. पण आमच्या वाड्यावरचंही सांगतो. काही घरांत तो संगणक पहिली दोन वर्षं देव्हाऱ्यासारखा झाकून ठेवलेला असायचा. चतुर्थीला पुसायचा. यंत्र घरात आलं होतं, पण त्याचं काय करायचं हे सांगणारं माणूस आलं नव्हतं.

२०२० उजाडलं आणि शाळा बंद. सत्तरी, सांगे भागातली मुलं मोबाइलच्या रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसतात, हे तेव्हा पेपरात आलं होतं. आमच्याकडेही काही वाड्यांवर तीच तऱ्हा. आणि त्याच वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. जुलैत नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात मधल्या टप्प्यापासून म्हणजे सहावीपासून कोडिंगचा उल्लेख होता. आणि टीव्हीवर, मोबाइलवर कोडिंगच्या क्लासच्या जाहिरातींचा पूर आला. पहिली-दुसरीतलं पोर म्हणे अॅप बनवतंय आणि दाराबाहेर पैसेवाले रांगेत उभे! गावातले शहाणेसुरते आईबाप घाबरले. आपलं पोर मागं पडलं तर?

त्या घाबरण्यातच आमची चूक झाली. एका कंपनीचा माणूस आला. नाव घेत नाही, कंपनीही आता पूर्वीच्या रूपात उरलेली नाही. टापटीप मुलगा, मला ‘अंकल’ म्हणायचा. लॅपटॉपवर झगमगीत चित्रं दाखवली. ‘मुलं स्वतः गेम बनवतील, सगळं ऑनलाइन, तुम्हाला काही बघायला नको, टीचरला काही शिकायला नको.’ या शेवटच्या वाक्याला मी थांबायला हवं होतं. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं की ‘तुम्हाला काही बघायला नको’ असं म्हणणाऱ्या कर्जदाराचीच फाइल दोनदा बघायची असते. पण मुख्याध्यापिका बाई गोंधळलेल्या, पालक घाईला आलेले, आणि मी सही केली. एका वर्षाची वर्गणी, दरडोई, आगाऊ.

वर्ष वाईट गेलं असं म्हणणार नाही. ज्यांच्याकडे रेंज होती ती मुलं रमली. सातवीतली एक मुलगी होती, तिचे वडील केरी भागात मासळीच्या धंद्यात. तिने फेरीबोटीचा गेम बनवला. केरी-तेरेखोलची आपली फेरीबोट. बोट या काठावरून त्या काठावर न्यायची. भरती-ओहोटीप्रमाणे पाणी ढकलतं. मध्ये होड्या येतात. बोटीत जास्त स्कूटर घेतल्या तर वळायला वेळ लागतो. आणि पलीकडे शेवटची माणसं चढायच्या आत बोट सोडली तर गुण कमी. हा शेवटचा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. ती म्हणाली, ‘आजो, माझी आये एकदा पलतडी राहिलेली.’ नदीचं पाणी, वेळ, वजन, आणि मागं राहिलेल्या माणसाची काळजी, सगळं त्या गेममध्ये होतं. मी स्वतः तो चार वेळा खेळलो आणि चारही वेळा होडीला धडकलो.

वर्गणीचं वर्ष संपलं. नूतनीकरणाचा दर वाढलेला. संस्थेकडे तेवढे पैसे नव्हते. म्हटलं, ठीक आहे, पुढचं बघू, पण मुलांनी केलेलं काम तरी आम्हाला द्या. उत्तर आलं की काम त्यांच्या प्लॅटफॉर्मवरच चालतं, बाहेर काढता येत नाही, वर्गणी भरली तर खाती परत उघडतील. काही महिन्यांनी फोनही लागेना. मुलांची सगळी खाती बंद. फेरीबोटही त्यातच बुडाली.

त्या पोरीने विचारलं, ‘आजो, तुम्ही बँकेत होता ना? माझा गेम परत काढून द्या.’ काय सांगणार? बँकेत खातं बंद केलं तर शिल्लक हातात देतात. इथं खातं बंद झालं आणि शिल्लकही गेली. पाटी पुसते हे आम्हाला लहानपणी ठाऊक होतं. ही पाटी पुसणार आहे हे पोरांना कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं. वर आणखी एक. पालकांचे जे मोबाइल नंबर आम्ही दिले होते, त्यांवर पुढं कितीतरी दिवस ‘तुमच्या मुलासाठी खास कोर्स’ असे फोन येत राहिले. एका आईने तर उसने पैसे काढून भरायची तयारी केली होती. तिला मी स्वतः घरी जाऊन थांबवलं.

दरम्यान २०२१ पासून गोवा सरकारची केअर्स योजना सुरू झाली. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स, आणि त्यासाठी संगणक शिक्षकांना प्रशिक्षण. ‘टीचरला काही शिकायला नको’ याच्या बरोबर उलट, आणि मला ते बरं वाटलं. आमचे संगणकाचे सर प्रशिक्षणाला जाऊन आले ते वेगळेच होऊन. पण आठवी ओलांडलेली पोरं विचारायला लागली, ‘सर, पुढं काय?’ तेव्हा २०२३ च्या उन्हाळ्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी गेम बनवायचा वर्ग घ्यायचा ठरला, आणि प्लॅटफॉर्म निवडायची वेळ परत आली. या वेळी मी म्हटलं, सही करीन, पण आधी समांतर चालवून बघू.

निवडीच्या बैठकीला आम्ही पाच जण. बाई, सर, दोन पालक आणि मी. एका पालकाचा मुलगा बंगळुरूला नोकरीला. ते म्हणाले, ‘युनिटी शिकवा, कंपन्यांत तेच चालतं.’ दुसऱ्यांचं म्हणणं, माइनक्राफ्टची शाळांसाठीची आवृत्ती घ्या, पोरं उड्या मारत येतील. दोघांचंही चूक नव्हतं. पण मला सल्ला हवा होता तो विकणाऱ्याकडून नव्हे. आमच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचे जावई डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवतात. बसने गेलो. त्यांनी लॅब दाखवली आणि म्हणाले, ‘काका, यादी नंतर बघू. आधी ही इंटरनेटची केबल काढतो. काय चालू राहतं ते बघा.’

त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा गेम तिथं पाहिला. डिचोलीच्या रस्त्यावरचा खनिजाचा ट्रक. आपल्याला वाटेल, शर्यत असणार. नाही. ट्रक उभा. बँकेचा हप्ता दर महिन्याला वरून खाली पडतो, आणि खेळणाऱ्याने ठरवायचं, ट्रक विकायचा, रेतीच्या कामाला लावायचा की खाण सुरू होईल म्हणून थांबायचं. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत थांबल्या, हे त्या मुलाने घरात बसून बघितलेलं. मी आयुष्यात ट्रकांची कर्जं मंजूरही केली आहेत आणि ती थकलेलीही पाहिली आहेत. पण हप्त्याची बाजू खेळणाऱ्याच्या खुर्चीतून मला त्या पोराने दाखवली. गेम स्क्रॅचमध्ये केलेला होता, आणि केबल काढलेली असताना चालू होता.

परत आल्यावर आम्ही तीन शनिवार चाचणी घेतली. आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच जुन्या मशीनवर, आमच्याच मुलांना बसवून. काय दिसलं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या शाळेला उपयोगी पडेल.

स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. रेझनिक पेपर्ट यांच्याच परंपरेतले, म्हणजे त्या कासवाचाच हा नातू म्हणा. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत जायचं. फुकट आहे, उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, आणि मुलाचं काम फाइल म्हणून पेनड्राइव्हवर घेता येतं. शिक्षकाला वर्गाचं खातं काढता येतं, मुलांना ईमेल द्यावा लागत नाही. नववी-दहावीच्या काही पोरांची तक्रार एकच, ‘हे लहान मुलांचं.’

कोड डॉट ऑर्ग, ही २०१३ पासूनची संस्था. धडे नीट रचलेले, तेही फुकट. सरांना सगळ्यात आवडलं ते हेच. पण दुसऱ्या शनिवारी नेट गेलं आणि अर्धा वर्ग हात बांधून बसला.

युनिटी आमच्या मशीनवर उघडेपर्यंत एक मुलगा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. चांगलं आहे, व्यवसायात चालतं, पण आमच्या लॅबचं ते काम नव्हे. माइनक्राफ्टला दर मुलामागे परवाना आणि खातं. पोरं खूश झाली, पण दरवर्षीचा खर्च पाहून खजिनदार खूश झाला नाही.

शेवटचं गोडो. मला नाव नवीन होतं. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं, २०१४ पासून सर्वांसाठी खुलं. वर्गणी नाही, परवान्याचे पैसे नाहीत, मुलाने गेम विकला तरी वाटा द्यायचा नाही. झिप फाइल उलगडली की चालू. त्याची चौथी आवृत्ती नुकतीच आली होती, पण आमच्या मशीनचं वय बघून सरांनी तिसरी घेतली. यात ठोकळे नाहीत, ओळी लिहाव्या लागतात. पहिल्या दिवशी निम्मी पोरं वैतागली. तिसऱ्या शनिवारी घरी जायला तयार नव्हती.

मी माझ्या वहीत चार प्रश्न लिहिले होते आणि प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करत गेलो. पहिला, लाइन गेली तर वर्ग चालतो का? पेडण्यातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दुसरा, खातं बंद केलं तर मुलाची ठेव हातात मिळते का, आणि दुसरीकडे उघडते का? तिसरा, मुलाचं नाव, पालकांचा नंबर यातलं काय काय मागतात आणि का? चौथा, सर रजेवर गेले तर दुसरं कोण चालवणार? बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची हा नियम असतो. किल्लीसुद्धा एकाकडे ठेवत नाहीत. शाळेत मात्र सगळा संगणक एका सरांच्या डोक्यात असतो.

दुसऱ्या प्रश्नावर सरांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. फ्लॅश नावाचं तंत्र होतं, नेटवरचे हजारो छोटे गेम त्यावर चालायचे. २०२० च्या अखेरीस अडोबीने ते बंद केलं आणि ते गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. स्क्रॅचची मधली आवृत्ती त्याच फ्लॅशवर उभी होती. पण त्यांनी वेळेआधी, २०१९ च्या जानेवारीतच, सगळं नव्या पायावर आणलं आणि मुलांची जुनी कामं बरोबर घेऊन आले. आमच्या कोअर बँकिंगच्या रात्री मला आठवल्या. ज्याला स्थलांतर नीट करता येतं त्याच्याकडे ठेव ठेवावी.

शेवटी ठरलं ते असं. सुरुवात स्क्रॅचवर, दोन आठवडे. मग गोडो. कोड डॉट ऑर्गचे धडे नेट असेल त्या दिवशी. तयार कोर्स विकत घ्यायचा नाही. वाचलेल्या पैशांतून लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, प्रत्येक मुलाला एक पेनड्राइव्ह दिला, आणि गावातल्याच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला मानधन देऊन सरांच्या जोडीला बसवलं. शाळेतल्या गणिताच्या टीचरनेही सोबत शिकून घेतलं, म्हणजे किल्ल्या तीन झाल्या.

याची किंमतही सांगतो, नाहीतर हिशेब अर्धा राहील. झगमगीत प्रमाणपत्र मिळालं नाही, म्हणून दोन पालकांनी मुलं काढून शहरातल्या क्लासला घातली. कोण कुठपर्यंत पोचलं हे मशीन आपोआप सांगत नव्हतं, सरांना प्रत्येकाच्या मागे उभं राहून बघावं लागलं. पहिल्या वर्षी नोट्स नव्हत्या. मुलांनीच अर्ध्या मराठीत अर्ध्या कोंकणीत लिहिल्या, त्यातल्या चुका पुढच्या तुकडीने सुधारल्या. आणि ते बंगळुरूवाले पालक अजून मला म्हणतात, ‘भाऊ, युनिटी शिकवायला हवं होतं.’ त्यांच्या मुलाच्या कॉलेजात कदाचित ते शिकवतीलही, आणि शिकवावंच.

योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात युनिटी कंपनीने जाहीर केलं की गेम जितक्या वेळा इन्स्टॉल केला जाईल त्यावर शुल्क आकारणार. जगभरचे गेम बनवणारे खवळले, आणि वर्षभराने कंपनीला ते शुल्क रद्द करावं लागलं. आमच्या पोरांना त्याची झळ लागलीच नसती, ते मोठ्या धंद्यांचं गणित. पण मी सर्वांना ती बातमी वाचून दाखवली. दुसऱ्याच्या जागेत दुकान टाकलं की भाडं कधीही वाढू शकतं, एवढं मुलांना कळलं तरी पुरे. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, असं त्यात आहे. आमच्या पालकांना ते फोन येण्याआधी तो असता तर बरं झालं असतं.

आता त्या फेरीबोटवाल्या पोरीचं सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. उन्हाळी वर्गाला ती आली तेव्हा नववी संपवून बसली होती. मला वाटलं, ती तोच गेम परत बनवेल. मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, ‘नाका आजो. तो गेलो.’ तिने दुसराच केला, दशावताराचा. संकासुर पळतोय आणि मागून माधवी. गंमतीचा झाला. पण शेवटच्या दिवशी तिने सगळ्या मुलांचे पेनड्राइव्ह गोळा केले आणि प्रत्येकाची एक प्रत शाळेच्या मशीनवर, एक आपल्या घरच्या मशीनवर ठेवली. नावं लिहून यादी केली, खाली तारीख घातली. मी काही सांगितलं नव्हतं. बँकेत आम्ही रोज संध्याकाळी हेच करायचो.

ती यादी आता शाळेच्या कपाटात आहे, माझ्या जुन्या हिशेबाच्या वह्यांशेजारी. दरवर्षी तिच्यात नवी पानं लागतात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानांचे गेम फार वाढलेत, आणि एकाने तर पेडण्याच्या दसऱ्याचा केलाय.

तुमच्यापैकी कितीतरी जण आपापल्या गावच्या शाळांच्या समित्यांवर आहात. उद्या तुमच्याकडेही कुणी टापटीप मुलगा लॅपटॉप घेऊन येईल. त्याला चहा द्या, त्याचंही पोट आहे. पण सही करण्याआधी एवढंच विचारा, ‘बाबा, वर्ष संपल्यावर आमच्या मुलांनी केलेलं आमच्या हातात काय देणार?’ आणि उत्तर ऐकताना केबल काढून ठेवा.

तुमच्या शाळेत पहिला संगणक कधी आला, त्यावर काय शिकवलं, आणि तो आता कुठं आहे, हे खाली जरूर लिहा. डिचोलीकर मंडळींनी तर नक्कीच.